पिझ्झाचा खोका कुठे टाकू?

कचऱ्याच्या बाबतीत मी स्वतःला भलतीच शहाणी समजायचे. पिझ्झा संपला, की खोका चेपून थेट रद्दीच्या गठ्ठ्यावर! एकदा कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी तो उघडून दाखवला. चीज, तेल आणि खालचे चार पेपरही तेलकट. “मॅडम, असलं भंगारवाला घेत नाही. माझे पैसे जातात.” पुण्यात ‘स्वच्छ’च्या ताई सुका कचरा विकतात आणि ते पैसे त्यांचेच असतात, हे मला तेव्हा कळलं. जाम ओशाळले. कागदाचा पाण्यात लगदा करतात ना, त्यात तेल सुटत नाही. आता झाकण फाडून पुठ्ठ्यात, तेलकट तळ ओल्या कचऱ्यात. कॉफीच्या कपाला आतून प्लॅस्टिकचं अस्तर, तो रद्दीत नाहीच. एटीएमची स्लिपही नाही. (ती तर मी वर्षानुवर्षं टाकत होते!) काल ताईंनी गठ्ठा उघडून न बघताच उचलला.