शनिवारवाड्यांतील चित्रशाळा

दिल्ली दरवाजानें शनिवारवाड्यांत शिरलें कीं दिसतात तीं नुसतीं दगडी जोतीं; वरचे मजले १८२८ च्या आगींत गेले. याच वाड्यांत सवाई माधवरावांच्या अमदानींत एक चित्रशाळा होती. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या खटपटीनें ती निघाली, आणि जेम्स वेल्स हा स्कॉटिश चितारी तेथें शिकवी.

त्या शतकांत युरोपांतील चित्रकारांस भग्नावशेषांचें भारी वेड. रोमचे मोडके खांब, त्यांवर चढलेल्या वेली, खालीं चरणाऱ्या शेळ्या. देव गेला, देऊळ उरलें, असा त्यांतला भाव. वेल्सनेंही आपल्याकडील लेणीं रेखाटलीं. तो १७९५ त वारला. त्याचीं वेरूळचीं चित्रें टॉमस डॅनिएलनें १८०३ त लंडनास प्रसिद्ध केलीं.

वेल्सचा साहाय्यक गंगाराम चिंतामण तांबट मात्र आमच्या पुण्याचा. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडा १७९० त काढणारा तोच. त्यानेंही वेरूळ रेखाटलें. परंतु त्याला तें निव्वळ अवशेष कसें वाटणार? जवळच घृष्णेश्वराची पूजाअर्चा चालू. कार्ल्यास तर लेण्याच्या तोंडाशींच एकवीरेचे नवस आजही फेडले जातात! आपल्याकडे पडकें आणि नांदतें अशी वांटणी सहसा होतच नाहीं.

गंगारामानें आपली पर्वतीही देवळांसह काढली. तें चित्र आज अमेरिकेंत, येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. लहानपणीं आजोबांचें बोट धरून आम्ही किती वेळां ती टेकडी चढलों असूं. पण पुण्याच्याच एका तांबटानें ती कागदावर उतरविली आहे, हें आम्हांस घरीं वा शाळेंत कोणीच सांगितलें नाहीं.