कोरड्या विहिरीवरचा क्रेव्हास

बेसिक कोर्स आणि स्वतःच्या जबाबदारीवर केलेली हिमालयातली पहिली मोहीम, या दोहोंच्या मधल्या काळात गिर्यारोहकाला शिकवायला कोणी नसतं. निदान वऱ्हाडात तरी नाही. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट किंवा मनालीची संस्था, कुठूनही मुलगा चार आठवड्यांचा कोर्स करून येतो. गाठी येतात, क्रॅम्पॉन घालून चालता येतं, आइस अ‍ॅक्स कशी धरायची ते कळलेलं असतं. पण तिथे अँकर प्रशिक्षकाने लावलेला असतो, दोर त्यानेच सोडलेला असतो, परत फिरायची वेळही तोच ठरवतो. पुढचा अ‍ॅडव्हान्स कोर्स 'ए' श्रेणी मिळाली तरच, आणि त्याच्या जागा कितीतरी महिने आधी भरून गेलेल्या.

पुण्या-मुंबईच्या मुलाला या काळात क्लब सांभाळून घेतो. १९८८ साली कांचनजुंगावर मोहीम नेणारी गिरिविहार असो की २०१२ साली एव्हरेस्ट आणि २०१९ साली कांचनजुंगा सर करणारी गिरिप्रेमी, तिथे रविवारी सह्याद्रीच्या कड्यावर शेजारी उभा राहून 'हे नीट बसलं नाही, काढ आणि पुन्हा लाव' असं सांगणारा जुना हात असतो. आमचं मूर्तिजापूर मात्र पूर्णेच्या खोऱ्यातल्या सपाट काळ्या मातीवर वसलेलं. सह्याद्रीचे कडे इथून रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर. उत्तरेला सातपुडा आहे, पण नरनाळा अभयारण्यात आणि गाविलगड संरक्षित स्मारक. तिथे मेखा ठोकून सराव करण्याचा प्रश्नच येत नाही, आणि कोणी करूही नये.

म्हणून आमच्याकडे मधल्या इयत्तेचं शिक्षण पुस्तकातून घ्यावं लागतं. मी ते तसं घेतलं, पुढे संस्थेत जाऊन तपासून घेतलं, आणि आता अकोला-अमरावतीकडच्या मुलांना शिकवतो. पुस्तकातून गिर्यारोहण येत नाही, असं पुष्कळ अनुभवी मंडळी एका वाक्यात सांगून मोकळी होतात. मला ते पटत नाही. काय येतं आणि काय येत नाही, याची रेघ चांगली ठळक ओढता येते. ती कुठे ओढायची हे कळणं, हाच या इयत्तेचा मोठा भाग आहे.

दोराचं तंत्र पुस्तकातून येतं, मात्र दोर हातात घेऊन वाचलं तरच. हिमनदीवर चालताना बर्फाने झाकलेल्या भेगेत, म्हणजे क्रेव्हासमध्ये, साथीदार पडला तर त्याला वर काढण्याची झेड-पुली नावाची रीत जवळपास प्रत्येक पुस्तकात असते. पडलेल्या माणसाकडून आलेला दोर अँकरवरच्या पुलीतून वळतो, पुन्हा पुढे जाऊन त्याच ताणलेल्या दोरावर प्रुसिक गाठीने अडकवलेल्या दुसऱ्या पुलीतून फिरतो, आणि मग आपल्या हातात येतो. चित्रात हे सरळ दिसतं, पण फायदा कुठून झाला ते चित्रातून कळत नाही. मी मुलांना मोटेचं चाक आठवायला सांगतो. ते कण्यावर एका जागी फिरायचं, म्हणून ओढीची दिशा तेवढी बदलायची आणि पाण्याचं सगळं वजन बैलांच्या खांद्यावर यायचं. झेडमधली दुसरी पुली वजनाबरोबर सरकते, म्हणून भार तीन पदरांत वाटला जातो. एवढं कळलं की मुलं ती रचना पाठ करत नाहीत, स्वतःच जुळवतात.

सरावाला ओळखीच्या एका शेतातली कोरडी, दगडी बांधणीची विहीर आहे. काठापासून थोड्या अंतरावर दोन जुने कडुनिंब आहेत, त्यांना अँकर. दोराच्या टोकाला माणूस नाही, माणसाच्या वजनाचं ढेपेचं पोतं. ओढणाऱ्यांच्या कमरेला निराळ्या दोराने निराळा अँकर. पहिल्याच ओढीला पुस्तकातलं तीनपट गणित कोसळतं. पुलीच्या जागी नुसते कॅराबिनर लावले तर प्रत्येक वळणावर एक तृतीयांशाहून अधिक ओढ घर्षणात जाते आणि तिनाचे जेमतेम दोन उरतात. त्यात विहिरीच्या काठावर दोर दगडाला घासतो, आणि उरलेलेही निघून जातात. 'सर, पुस्तकात तं सोपं दिसते, इथं काहून जाम होऊन रायलं?' हा प्रश्न दर वेळी येतो, आणि तो यावा म्हणूनच विहिरीवर न्यायचं. हिमनदीवर दोर काठाच्या बर्फात आणखी खोल रुतून बसतो. काठाखाली आइस अ‍ॅक्सचा दांडा किंवा सॅक सरकवायची, आणि तीही घसरून आत जाऊ नये म्हणून बांधून ठेवायची, ही सूचना पुस्तकात एका ओळीची असते. सगळी ताकद खर्चून पोतं वीतभर वर आलं की त्या ओळीची किंमत कळते.

अँकरच्या कोनाचंही असंच. दोन आधारांमधून आलेल्या पट्ट्या एकत्र मिळतात तिथला कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येक आधारावर भाराचा सुमारे ५८ टक्के वाटा येतो, ९० अंशांना ७१ टक्के, आणि १२० अंशांना प्रत्येकावर पूर्ण भार. हे कोष्टक मुलं पाठ करतात आणि कड्यावर विसरतात. वेचणीचा कापूस तोलायचे दोन स्प्रिंगकाटे फांदीला टांगायचे, त्यांतून दोर घेऊन मधोमध वीस किलो लटकवायचे आणि काटे हळूहळू एकमेकांपासून दूर सरकवत जायचे. दोन्ही काटे वीस-वीस दाखवू लागले की कोणालाच कोष्टक लागत नाही.

सगळ्यांत बारकाईने वाचावा असा भाग बिले देणाऱ्याच्या, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याच्या, सुटकेचा. साथीदार पडून बेशुद्ध आहे, त्याचा भार तुमच्या बिले-उपकरणावर आहे, आणि मदतीला जायचं तर आधी स्वतःला त्या दोरातून सोडवायचं आहे. बिलेचा दोर म्यूल गाठीने अडवायचा. ताणलेल्या दोरावर प्रुसिक चढवायचा. त्या प्रुसिकची दोरी, ताणाखालीही सोडता येईल अशा मंटर-म्यूल गाठीने अँकरला बांधायची. मग बिले सावकाश सोडून भार प्रुसिकवर द्यायचा. आणि मूळ दोरही अँकरला बांधल्यावरच स्वतः बाहेर पडायचं. पुस्तकात ही पाच-सहा चित्रं असतात. खरी अडचण दोन चित्रांच्या मधे असते. प्रुसिक तुम्ही हात पोचेल तिथे लावता, पण दोरी लांब राहिली तर भार घेताना तो पुढे सरकतो आणि हाताच्या आवाक्याबाहेर जातो. दोरी आखूड पडली तर अँकरपर्यंत पोचत नाही. लांबी चित्राने सांगता येत नाही. ती आपल्या उंचीवर, आपल्या हातावर ठरते, आणि दोरीला गाठ मारून घरीच नक्की करून ठेवावी लागते. जाडीही महत्त्वाची. नऊ-दहा मिलिमीटरच्या दोरावर सहा मिलिमीटरची दोरी, तीन वेढे. बर्फाळलेल्या दोरावर तेही घसरतात, म्हणून एक वेढा वाढवायची तयारी ठेवायची. हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉन दोरी या कामाला कधीही घेऊ नये. युआयएए किंवा सीईचा शिक्का असलेलीच घ्यावी.

आमची वाचायची पद्धत ठरलेली आहे. एकजण पायरी मोठ्याने वाचतो, दुसरा करतो, तिसरा फक्त बघतो आणि चूक दिसली की थांबवतो. मग जागा बदलायच्या. नंतर पुस्तक मिटून, नंतर जाड हातमोजे घालून, शेवटी अंधारात. मूर्तिजापुरात मे महिन्यात लोकरी हातमोजे घालून गाठी मारणं फार त्रासाचं आहे. पण मोजा घातलेल्या बोटांना कॅराबिनरचा स्क्रू सापडत नाही, हे शिकायची जागा हिमनदी नव्हे.

आता पुस्तकांविषयी. प्रत्येक पुस्तकाला त्याचा मुलूख असतो आणि वाचणाऱ्याने तो आधी पाहावा. 'माउंटेनिअरिंग: द फ्रीडम ऑफ द हिल्स' हा ग्रंथ अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या 'द माउंटेनिअर्स' संस्थेने १९६० साली काढला आणि आवृत्तीगणिक सुधारत नेला. माझ्या मते सुरुवात त्यापासूनच करावी. पण त्याच्या पाठीमागे कॅस्केड पर्वतरांग आहे: समुद्राजवळची, ओल्या, जड बर्फाची. मार्क ह्यूस्टन आणि कॅथी कॉस्ली या वाटाड्या जोडीचं 'अल्पाइन क्लाइंबिंग' २००४चं. दोघांच्या दोराने वेगाने कसं चढायचं, कुठे बिले द्यायचं आणि कुठे दोघांनी एकाच वेळी हलायचं, हे इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. क्रेव्हाससाठी अँडी टायसन आणि माइक क्लेलंड यांचं 'ग्लेशिअर माउंटेनिअरिंग' घ्यावं. त्यातली चित्रं इंग्रजी न वाचणाऱ्या मुलालाही कळतात.

मुलूख का पाहायचा, तर आल्प्समध्ये रात्री झोपायला हट असते आणि संकटात हेलिकॉप्टर बोलावता येतं. गढवालमध्ये तुमचा तंबू हीच हट, आणि सुटकेचं पथक म्हणजे बहुतेक वेळा तुम्हीच चौघं. 'सामान हलकं ठेवा, वेळ वाचवा' हा सल्ला तिथे जीव वाचवतो. इथे तो शब्दशः घेतला तर जास्तीचं इंधन आणि चौथ्या दिवसाचं जेवण मागे राहतं. उंचीही तशीच. आमची मुलं तीनशे मीटरवरून निघून दोन-तीन दिवसांत उत्तरकाशीला पोचतात, तिथून पुढे घाई सुटते. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच करावा, हा नियम पुस्तकात आहे. तो मोहिमेच्या वेळापत्रकात आधीच, रेल्वेचं तिकीट काढण्याआधी, बसवावा लागतो.

आणि मग बर्फ. इथे रेघ संपते. घसरताना आइस अ‍ॅक्सने स्वतःला थांबवायच्या चार अवस्था असतात: पाय खाली की डोकं खाली, पोटावर की पाठीवर. त्या पुस्तकातून समजतात, पण शरीरात उतरतात त्या फक्त खाली मोकळी, सुरक्षित सपाटी असलेल्या बर्फाच्या उतारावर, प्रशिक्षकासमोर पुन्हा पुन्हा घसरून. हिमप्रपाताचं तर त्याहून कठीण. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वाधिक धोक्याचे, नव्या बर्फानंतरचे आणि वाऱ्याने बर्फ आणून टाकल्यानंतरचे तास वाईट, हे सगळं वाचता येतं. समोरचा उतार आज, या घटकेला, काय करणार आहे ते वाचून कळत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी हिमप्रपातात सापडली. सत्तावीस मृतदेह मिळाले, दोघे सापडले नाहीत. त्यात प्रशिक्षिका सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही सर केली होती. जिथे वर्षानुवर्षं तुकड्या नेल्या जातात अशा डोंगरावर, जाणत्या माणसांच्या सोबतीतही हे घडलं. म्हणून हिमप्रपाताचं प्रकरण वाचून आलेल्या मुलाने 'उतार सुरक्षित आहे' असं म्हटलेलं मला चालत नाही. त्या प्रकरणाचा उपयोग एकच: कोणत्या उतारावर पाय ठेवायचा नाही आणि कोणत्या वेळी तंबूतच थांबायचं, हे आधी ठरवणं. नकार देण्यापुरतं ज्ञान पुस्तकातून नक्की मिळतं, आणि मधल्या इयत्तेत तेवढं पुष्कळ आहे. होकार जाणत्याबरोबर अनेक ऋतू काढल्यावर द्यावा.

शारीरिक तयारीविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात सबब चालत नाही. स्टीव्ह हाउस आणि स्कॉट जॉन्स्टन यांच्या २०१४च्या पुस्तकातलं मुख्य सांगणं म्हणजे बोलता येईल इतक्या सावकाश गतीने, पुष्कळ तास, महिनोन्महिने. ते सपाट मुलखातही जमतं. पाठीवर वजन घेऊन जिने चढावेत, आणि जमेल तेव्हा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट पायी करावा.

मराठीत मोहिमांची वर्णनं भरपूर आहेत आणि चांगली आहेत. अँकर, सुटका, हिमनदीवरचा प्रवास टप्प्याटप्प्याने शिकवणारं मराठी पुस्तक मात्र मी अजून माझ्या मुलांच्या हातात देऊ शकलेलो नाही. ती आपापल्या वहीत उतरवून घेतात: एका पानावर चित्र, समोरच्या पानावर आज्ञार्थी मराठीत पायऱ्या, खाली स्वतःच्या दोऱ्यांच्या लांब्या. ज्यांनी आठ हजार मीटरपर्यंत मजल मारली त्या मंडळींनी हे काम हाती घ्यावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. पुस्तक गढवाल-कुमाऊंच्या मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन हंगामांसाठी लिहिलेलं असावं. चित्रांतल्या हातांत मोजे असावेत, काठावर दोर रुतलेला दाखवावा, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी हे कोणासमोर करून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये ते स्पष्ट लिहावं.