तेरणेची माती

तेरखेडा म्हटलं की लोकांना फटाके आठवतात. मला आठवते तेरणा. ती इथंच, माझ्या मामांच्या गावाजवळ उगम पावते, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. बघण्यासारखं काही नाहीच तिथं. उन्हाळ्यात नुसता कोरडा ओढा!

२०१९च्या दुष्काळात तलाव आटला, तेव्हा मामांनी बरड रानावर गाळाच्या ट्रॉल्यांवर ट्रॉल्या रिकाम्या केल्या. सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना होतीच, पण वाहतूक ज्याची त्याने करायची. पोरीच्या लग्नाचे पैसे मातीत घातले म्हणून मामी महिनाभर धड बोलल्या नाहीत. पुढं त्याच रानात, जिथं कुसळंच यायची, सोयाबीन मांडीला लागलं. मग बोलल्या.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आंध्रात अंतर्वेदीला गेलो. तिथं गोदावरीची वसिष्ठा शाखा समुद्राला मिळते. देऊळ बघून किनाऱ्यावर गेलो, तर मुळं उघडी पडलेली नारळाची झाडं वाळूत आडवी झालेली. मुलगा त्यांवर चढून खेळत होता आणि मी वेड्यासारखी नकाशा आठवत उभी. तेरणा मांजरेला, मांजरा गोदावरीला. म्हणजे तेरखेड्याची माती शेवटी यायची ती इथंच.

यायची, आता फारशी येत नाही. तेरणेवरच तेरला धरण, पुढं माकणीला. मांजरेवर सिंगूर, १९३१ सालचा निजामसागर. गोदावरीवर श्रीरामसागर, आणि वर पैठणचं जायकवाडी. धरणात पाणी थांबलं की गाळ खाली बसतो, आणि सोडलेलं पाणी बरंचसं निवळ जातं. १९७०च्या दशकात गोदावरी वर्षाला साधारण १५ कोटी टन गाळ खाली नेत होती. १९९०च्या दशकात ते सहा कोटींच्या आत आलं. त्रिभुज प्रदेशातला चिखल स्वतःच्याच वजनाने दबत, खचत असतो. वरून नवा थर आला नाही की समुद्र आत सरकतो. १९७६ ते २००१ या काळात तिथली सुमारे १८ चौरस किलोमीटर जमीन गेल्याचं अभ्यासकांनी मोजलंय.

मामांच्या ट्रॉल्यांनी हे झालं, असं अजिबात नाही. त्यांनी उचलला तो आधीच अडलेला गाळ. आणि धरणं नकोत, असं दुष्काळात टँकरची वाट बघितलेल्या बाईने कोणत्या तोंडाने म्हणायचं? १८५२मध्ये आर्थर कॉटनने धवळेश्वरमला बंधारा घातला म्हणून तर कोनसीमा पिकली. तिथले लोक अजून त्याच्या पुतळ्याला हार घालतात.

परत आल्यावर मामांना फोटो दाखवले. बराच वेळ बघत बसले.

"माती कशी हाय गं तिथली? काळी?"

"शेतातली काळीच, मामा."

"मग आपलीच की!" म्हणाले, आणि फोन माझ्या हातात देऊन मामींना हाक मारली. खालच्या तुकड्यात अजून चाळीस ट्रॉल्या टाकायच्यात म्हणे, पावसाच्या आत.