बेवारस

मराठीत बेवारस म्हणतात, हिंदीत लावारिस. अर्थ एकच, ज्याला वारस नाही असा. आम्हा पांढुर्णा-सौंसरच्या माणसांना दोन्ही शब्द सारखेच जवळचे. घरात मराठी, कचेरीत हिंदी. आजारपण मराठीत आणि दवाखान्याचा कागद हिंदीत, असेच आमचे आयुष्य गेले. परंतु १९८२ साली वडिलांच्या समोर जो पंचनामा ठेवला गेला, त्यातला तो हिंदी शब्द पुढे चाळीस वर्षे आमच्या घरात मराठीतून वावरेल, असे तेव्हा कुणाला वाटले असणार?

त्या वर्षी मी तेरा वर्षांचा होतो. दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. मृग बहाराच्या संत्र्याचे पैसे आणायला तो फेब्रुवारीत नागपूरला गेला आणि परत आला नाही. वहिनी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. महिनाभराने इटारसीच्या बाजूला रेल्वेरुळाजवळ एक प्रेत सापडल्याचा निरोप आला. वडील एकटेच गेले. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परतले, पाय धुतले आणि आईला एवढेच म्हणाले, "आपला नाही." आईने देवापुढे साखर ठेवली. ते प्रेत तिकडेच कुठेतरी पुरले गेले.

पुढे सात वर्षे झाली. सात वर्षे ज्याची काही खबरबात नाही तो मेला असे कायदा धरून चालतो. जमिनीच्या फेरफारासाठी भाऊबंदांनी तसा दाखला काढायला सुचवले. वहिनीने नकार दिला. तिच्या कपाळावरची टिकली तशीच राहिली. वडील १९९६ साली गेले. जाण्याच्या आदल्या रात्री त्यांनी मला जवळ बोलावून सांगितले, "तो आपलाच होता. पांढऱ्या सदऱ्याला काळ्या धाग्याची गुंडी होती. मला घरी आणवला नाही रे."

हे ओझे मी जवळजवळ तीस वर्षे वाहिले. आईला सांगितले नाही. ती २००३ साली मुलाची वाट पाहतच गेली. वहिनीला सांगायची हिंमत झाली नाही.

माझा विषय इतिहास. मुलांना शिकवताना मी नेहमी सांगतो की, पुरावा हा इतिहासाचा प्राण आहे. गेली काही वर्षे वाचनात डीएनए तपासणीचा विषय वारंवार येऊ लागला, तेव्हा आरंभी मी तो शिक्षकाच्या कुतूहलानेच वाचत होतो. इंग्लंडात लेस्टर विद्यापीठातील अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली ही ओळखखूण शोधून काढली. त्या परगण्यात १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. एका मुलाने त्यांतल्या एका खुनाची कबुलीही दिली होती. तपासणीने पहिल्यांदा काय केले असेल, तर त्या मुलाला निर्दोष ठरवले! खरा गुन्हेगार नंतर सापडला व १९८८ साली त्याला शिक्षा झाली. आपल्याकडे त्याच सुमारास हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डॉ. लालजी सिंह यांनी भारतीय पद्धत उभी केली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७० आणि १९८० च्या दशकांत अनेक खून करणारा माणूस तर २०१८ साली पकडला गेला, तोही दूरच्या नातलगांच्या डीएनएवरून माग काढत. चाळीस वर्षे म्हातारा होत तो मोकळा हिंडत होता.

पण माझे मन खरे अडकले ते गोव्यातल्या एका हाडापाशी. जॉर्जिया देशातील काखेती राज्याची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासच्या हुकुमावरून १६२४ साली शिराझ येथे हालहाल करून मारण्यात आले. तिने आपला धर्म सोडला नव्हता. ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्यांनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांतल्या काही १६२७ साली जुन्या गोव्यातील आपल्या मठात आणून ठेवल्या. पुढे मठ ओस पडला, चर्च ढासळले, अस्थी ढिगाऱ्याखाली गेल्या. जॉर्जियाच्या लोकांनी मात्र राणीचा शोध सोडला नाही. जुन्या पोर्तुगीज कागदांत अस्थी कोणत्या खिडकीजवळ ठेवल्या त्याची नोंद होती. त्या नोंदीच्या आधारे भारतीय पुरातत्त्व विभागाने २००४ साली उत्खनन केले आणि हाताचे एक हाड मिळाले.

ते राणीचेच कशावरून? उत्तर हैदराबादच्याच सीसीएमबीने दिले. आपल्या पेशीत मायटोकाँड्रिया नावाचे सूक्ष्म घटक असतात. त्यांचा डीएनए आईकडून मुलांना मिळतो, बापाकडून नाही. शिवाय एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून जुन्या हाडातही तो टिकून राहण्याची शक्यता जास्त. त्या हाडात जी मातृवंशाची खूण निघाली ती २२,००० हून अधिक भारतीयांच्या नमुन्यांत एकातही नव्हती. जॉर्जियाच्या ३० माणसांत मात्र दोघांत होती. जोडीला मिळालेली दुसरी हाडे भारतीय निघाली. जुना कागद आणि हाड यांची साक्ष जुळली. २०२१ च्या जुलैत भारताने तो अवशेष जॉर्जियाला अर्पण केला. जवळजवळ चारशे वर्षांनी राणी माहेरी गेली!

पंजाबातील अजनाळ्याच्या विहिरीतून २०१४ साली निघालेल्या सांगाड्यांचेही तसेच. कुणी म्हणे ते फाळणीतले, कुणी म्हणे १८५७ च्या शिपायांचे. २०२२ साली शास्त्रज्ञांनी दातांवरून आणि डीएनएवरून दाखवून दिले की ही माणसे गंगेच्या खोऱ्यातली, म्हणजे पंजाबात आलेल्या शिपायांचीच असावीत.

हे वाचले आणि मला आमची जाम नदी आठवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये तिच्या पात्रात गोटमार होते. त्यामागची प्रेमिकांची दंतकथा आपल्या भागात लहान पोरांनाही ठाऊक आहे. दोघे दगडांखाली मेले म्हणतात, पण त्यांची नावे कुणाला माहीत नाहीत. दगड मारणाऱ्यांची गोष्ट राहते, मेलेल्यांची नावे वाहून जातात.

मग एका रात्री लख्ख जाणवले की, दादाची आणि माझी आई एक. जी खूण त्याच्या हाडात असेल तीच माझ्या रक्तात आहे. पुतणीच्या अंगात तर तिच्या बापाचा निम्मा वाटा आहे. अंगात एवढी साक्ष घेऊन गेलेला माणूस बेवारस कसा? वारस त्याच्या हाडामांसात लिहिलेला होता. वाचणारे कुणी नव्हते, आणि ज्याला वाचता आले त्या बापाने डोळे मिटून घेतले होते.

यंदा पोळा झाल्यावर मी वहिनीसमोर बसलो आणि वडिलांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती वाती वळत होती. हात थांबला नाही.

"मले माहीत हाय, भाऊजी," ती म्हणाली. "मामंजी त्या दिवशी आले अन् मले एकच गोष्ट पुसली, 'पोराच्या सदऱ्याले काळ्या धाग्यानं गुंडी कोण लावली?' पांढरा धागा सरला होता. म्या लावली होती."

"मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?"

"सासूबाईनं साखर ठेवली होती ना देवापुढं."

मला पुढे बोलवेना. वडिलांनी आईसाठी लपवले, वहिनीने आईसाठी लपवले, मी वहिनीसाठी. एका घरात तीन माणसे एकमेकांना जपत एकच गोष्ट गिळून बसली होती! टिकली वाट पाहण्याची खूण आहे असे मी समजत होतो. ती सासूला दिलेला शब्द होती.

"आता विचारून पाहा," ती म्हणाली. "गवसलं तर गवसलं. कागदावर नाव तरी येऊ द्या त्याईचं."

वाट सोपी नाही. बेपत्ता माणसे आणि अनोळखी मृतदेह यांच्या डीएनए नोंदींची पेढी देशात उभारण्याची तरतूद असलेले विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले. ते २०२३ साली मागे घेण्यात आले. माणसाच्या खासगीपणाविषयी त्यावर जे आक्षेप होते ते खोटे नव्हते. रक्ताची नोंद सरकारच्या हाती देताना शहाण्या माणसाने दहादा विचार करावा. परंतु ज्यांच्या घरचे माणूस परतले नाही, त्यांचेही काही म्हणणे आहे. ते ऐकायला पेढी नाही. आमच्या बाबतीत तर पुरल्याची जागा आज कुणी दाखवील की नाही, हीच शंका. हाडाशिवाय रक्ताच्या साक्षीला उत्तर कोण देणार?

तरीही अर्ज केला. पांढुर्णा २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. पण घटना तिसऱ्याच जिल्ह्यातली, म्हणून अर्ज तिकडे पाठवला. रिवाजाप्रमाणे हिंदीत लिहिला. १९८२ सालच्या नोंदवहीचा शोध घ्यावा, आणि दफनाची जागा कळल्यास तपासणीसाठी मी व माझी पुतणी रक्त द्यायला तयार आहोत, एवढाच मजकूर. खाली वहिनीने सही केली, मराठीत, पुरे नाव, मध्ये दादाचे नाव घालून. ते नाव तिने तोंडाने कधी उच्चारले नव्हते; हाताने मात्र न अडखळता लिहिले.