चपलाचा रोल कुणाला?

मला एक खोड आहे. पुस्तक आवडलं की पन्नासाव्या पानापर्यंत डोक्यात त्याचा सिनेमा सुरू होतो आणि मोबाइलच्या नोट्समध्ये यादी तयार होते: कुठल्या पात्राचं काम कोण करणार. बीएला इंग्रजी होतं तेव्हा सर ‘मॅकबेथ’ शिकवायचे आणि मी मागच्या बाकावर मॅकबेथसाठी मराठी नट शोधायचे.

गेल्या कार्तिकात अशीच एक यादी घेऊन मी काशीला गेले. गेले होते मात्र वेगळ्याच कामासाठी.

पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत माझी आत्याआजी राहते, म्हणजे बाबांची आत्या. वय अठ्ठ्याहत्तर. जन्म तिथलाच, शाळेतली नोकरी तिथलीच, लग्न केलं नाही. पावसाळ्यात ती घाटाच्या पायरीवर घसरली आणि मनगट मोडलं. लगेच आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं की आता तिला कायमचं पुण्याला आणायचं. मागची खोली रंगवून झाली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसला. फक्त तिला सांगायचं राहिलं होतं. ते माझ्याकडे आलं, कारण मी कंटेंट रायटर, लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करू शकते. आणि “ती तुझं ऐकते.”

गाडीत वाचायला ‘चंद्रकांता’ घेतली होती. देवकीनंदन खत्री यांची ही हिंदी कादंबरी 1888ची. खत्री काशीचे. चकिया आणि नौगढच्या जंगलांची ठेकेदारी करताना त्यांनी दऱ्या, गुहा, पडके किल्ले पाहिले आणि तेच पुढे कादंबरीत आले. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकुमारी चंद्रकांता, तिच्यावर डोळा ठेवणारा क्रूरसिंह, चुनारगढचा राजा शिवदत्त. शिवाय तिलिस्म, म्हणजे जादूचे भूलभुलैये. ही कादंबरी वाचता यावी म्हणून कितीतरी लोक हिंदी शिकले, असं सांगतात.

पण खरी गंमत आहे ऐयारांची. ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी, वैद्य आणि चोर, सगळं एकात. खांद्याला बटवा. त्यात बेशुद्ध करायची पूड, शुद्धीवर आणायचं औषध, रंग. वीरेंद्रसिंहाचा ऐयार तेजसिंह आणि चंद्रकांतेची मैत्रीण चपला, ही माझी लाडकी जोडी. चपला बाई असून ऐयार आहे, तेही एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीत!

मुगलसरायला उतरेपर्यंत यादी तयार होती. वीरेंद्रसिंह – विकी कौशल. चंद्रकांता – मृणाल ठाकूर. शिवदत्त – सचिन खेडेकर. तेजसिंह – पंकज त्रिपाठी. चपला – सई ताम्हणकर.

मुगलसराय म्हटलं, पण स्टेशनचं नाव आता पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन आहे. आत्याआजी मात्र मुगलसरायच म्हणते.

संध्याकाळी आम्ही घाटावर बसलो. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर, अशी ती एकेक पायरी उतरली. पंचगंगा घाट उभा आहे, पायऱ्या संपता संपत नाहीत. वर आलमगीर मशीद, बाजूला बिंदुमाधव. आत्ताचं बिंदुमाधवाचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, त्यामुळे आत्याआजी ते ‘आपल्या साताऱ्याकडचं’ म्हणून दाखवते. कार्तिक महिना, म्हणून उंच बांबूंवर आकाशदिव्यांच्या टोपल्या चढत होत्या.

“याच पायऱ्यांवर कबीर अंधारात आडवा झाला आणि रामानंदांचा पाय लागून त्याला गुरू मिळाला म्हणतात,” ती म्हणाली. “मी आडवी झाले तर प्लास्टर मिळालं.”

मूळ विषय काढायचा धीर होईना, म्हणून मी यादी काढली. तिने चष्मा पुसला आणि ऐकून घेतलं.

“क्रूरसिंह कोण?”

“तो अजून सापडला नाही.”

सापडणार तरी कसा? 1994 मध्ये दूरदर्शनवर नीरजा गुलेरींची ‘चंद्रकांता’ मालिका लागली. त्यात अखिलेंद्र मिश्रांनी क्रूरसिंहाच्या त्या वर चढवलेल्या भुवया अशा काही नाचवल्या की बाबांच्या पिढीला दुसरा चेहरा दिसतच नाही. इरफान खानही होते त्यात, बद्रीनाथच्या भूमिकेत. एकदा चेहरा चिकटला की निघत नाही. बाबांचा फास्टर फेणे म्हणजे सुमीत राघवन आणि माझा म्हणजे 2017च्या सिनेमातला अमेय वाघ. आम्ही दोघं यावर आजही भांडतो.

आत्याआजीला मात्र हा त्रास नाही. तिने ‘चंद्रकांता’ बाराव्या वर्षीच वाचली होती. घरात कार्तिकात पहाटे एकनाथी भागवत वाचलं जायचं. नाथांनी ते काशीतच पूर्ण केलेलं, त्यामुळे त्याचा मान मोठा. दुपारी पुरुष बाहेर गेले की वाड्यातल्या बायका जमायच्या आणि ही ‘चंद्रकांता’ मोठ्याने वाचायची. हिंदी अक्षर झरझर वाचणारी तीच एक.

“आणि तेव्हा सिनेमा कोण बघू देतंय? मग नट कुठून आणायचे? घाटावरचेच घेतले.”

तिची यादी ऐकून मी थक्क झाले. तेजसिंह म्हणजे पलीकडच्या गल्लीतला दूधवाला, कारण तो सगळ्या वाड्याच्या नकला करायचा. शिवदत्त म्हणजे घरमालक. तिलिस्म म्हणजे वाड्याचं तळघर, पुराचं पाणी चढलं की बंद व्हायचं. ती माणसं आता नाहीत, पण जागा भरलेल्या आहेत. तिने काठीनेच दाखवलं: तो नाववाला, रोज भाडं वेगळं सांगतो पण ती नाही दिसली तर वर येऊन दार वाजवतो, तो हल्लीचा तेजसिंह. ती फुलवाली पोर, चंपा. बिंदुमाधवाच्या दारातला म्हातारा, ज्योतिषी.

“आणि चपला?” मी विचारलं.

“मी.”

मी हसले. वाटलं, लहानपणचं सांगतेय. “तेव्हा ना?”

“तेव्हाही मी आणि आत्ताही मीच. तुझ्या पिक्चरमध्येसुद्धा.”

“अगं, चपला तरुण आहे!”

“चपला ऐयार आहे. ऐयाराला कसलं वय? तरुण पोरीला सुरकुत्या काढून म्हातारी करता, मग म्हातारीला तरुण करायला काय होतं?”

मला एकदम हॅरी पॉटर आठवला. पहिल्या पुस्तकात प्रोफेसर स्नेप जेमतेम एकतीस वर्षांचा आहे, आणि पडद्यावर ते काम केलं पंचावन्न वर्षांच्या ॲलन रिकमन यांनी. आज स्नेप म्हटलं की त्यांच्याशिवाय कुणी डोळ्यांसमोर येतं का? मी तिला हे सांगितलं.

“बघ,” ती म्हणाली, आणि कंबरेचा बटवा सोडून मांडीवर रिकामा केला. ओवा, सुंठेचा तुकडा, छोटी टॉर्च, सुईदोरा, सुट्टे पैसे, नाववाल्याचा नंबर लिहिलेला कागद. मला इतकी वर्षं तो आजीबाईचा बटवा वाटत होता.

ओव्याची चिमूट तोंडात टाकत ती म्हणाली, “आता तू ज्यासाठी आलीस ते बोल. खोली कुठल्या रंगाची केलीत?”

तिला सगळं माहीत होतं. शेजारच्या काकूंना आईने फोनवर सांगितलेलं.

मी बोलले. पायऱ्या, मनगट, रात्री काही झालं तर कोण, बाबांचा रक्तदाब. हे सगळं खरं होतं. बाबा रात्री झोपत नाहीत, फोन वाजला की दचकतात. तिने मध्ये तोंड घातलं नाही. मग शांतपणे विचारलं, “येईन गं. पण तुमच्या पुण्याच्या पिक्चरमध्ये मी कोण?”

मी उत्तर शोधलं. मागच्या खोलीतली आजी. वेळेवर गोळ्या घेणारी. कुणी आलं की जिला बाहेर आणून बसवायचं ती. हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना. शेवटी म्हणाले, “विचार नाही केला.”

“तोच कर आधी.”

रात्री बाबांचा फोन आला. “काय म्हणाली आत्या?”

“तिला रोल आवडला नाही.”

पुढचा आठवडा आम्ही फोनवर भांडत काढला. बाबांची भीती खोटी नव्हती आणि तिचा प्रश्नही खोटा नव्हता. आत्ताची व्यवस्था अशी: तिच्या जिन्याला कठडा बसला. रिकाम्या खोलीत विद्यापीठात शिकणारी एक मुलगी राहायला आली, ती रात्री घरात असते. थंडीचे दोन महिने आत्याआजी पुण्याला आली. आल्या आल्या सोसायटीतल्या मुलांना जमवून रोज संध्याकाळी ‘चंद्रकांता’ मराठीतून सांगायला लागली. वॉचमनकाकांना तिने दुसऱ्याच दिवशी तेजसिंह नेमलं. होळीच्या आधी परत गेली. बाबा अजून रोज सकाळी सातला फोन करतात आणि तिने उचलेपर्यंत चहा घेत नाहीत.

पुढच्या पावसाळ्याचं काय, ते ठरलेलं नाही.

माझ्या नोट्समध्ये ती यादी अजून आहे. विकी कौशल आहे, मृणाल ठाकूर आहे. सईचं नाव मात्र खोडलंय, तिने रागावू नये. तिथे आता लिहिलंय: चपला – आत्याआजी. तारखा विचारून घेणे.