कृष्णाकाठच्या बँका

साताऱ्याहून कऱ्हाड, सांगली, मिरज करीत कोल्हापूरला जाणारा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. कुणी हळदीची पट्टी आणायला, कुणी गुळाचे पैसे आणायला, तर कुणी मुलीचे स्थळ पाहायला त्या वाटेने गेलेले असते. त्या वाटेवरच्या देवळांबद्दल आणि गडांबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. मी आज तुम्हाला बँका दाखवणार आहे. या पाचही गावांत एकेकाळी गावची म्हणावी अशी स्वतःची व्यापारी बँक होती. त्यांतली आज एकच उरली आहे, आणि तिचेही नाव बदलले आहे.

बँकेच्या आधी पेढी होती. भिंतीला टेकून गादी, तक्क्या, पुढ्यात उतरते मेज, लाल बासनातल्या चोपड्या. शेतकऱ्याने पायताण बाहेर काढायचे आणि खाली बसायचे. सावकार वर, कुळ खाली. ही बसण्याची तऱ्हा म्हणजेच त्या व्यवहाराची तऱ्हा होती. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि दंगा आजूबाजूला पसरला. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. तो पुणे, सोलापूर, अहमदनगर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू होता. कायद्याने सावकाराचा हात थोडा आवरला, पण पेरणीला पैसा कोण देणार हा प्रश्न तसाच राहिला. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या निघू लागल्या, तेव्हा कुठे दुसरी वाट दिसली.

पेठांतल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी आणि व्यापाऱ्यांनी मात्र आपली वाट वेगळी काढली. स्वदेशीच्या लाटेत १९०७ मध्ये साताऱ्यात सातारा स्वदेशी कमर्शियल बँक निघाली. १९३६ मध्ये त्याच गावात युनायटेड वेस्टर्न बँक स्थापन झाली आणि पुढे १९५६ मध्ये जुनी बँक तिच्यात मिळाली. सांगलीची सांगली बँक १९१६ ची. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. मिरजही पटवर्धनांचेच. तिथे १९२९ मध्ये मिरज स्टेट बँक झाली. रत्नाकर बँक १९४३ मध्ये कोल्हापुरात निघाली, आणि बँक ऑफ कऱ्हाड १९४६ मध्ये.

सांगलीलाच बँक इतक्या लवकर का निघावी? तिथला हळदीचा बाजार पाहिला की उत्तर मिळते. सांगलीशेजारच्या हरिपुरात जमिनीत खोल पेवे होती. त्यांत हळद भरून तोंड बंद केले की माल टिके, कीड लागत नसे. भाव चढेपर्यंत पैसा असा जमिनीखाली पडून राहायचा. ज्या गावात माल महिनोन् महिने थांबतो, तिथे त्यावर पैसा पुरवणारा कुणीतरी लागतोच. २००५ च्या महापुराने त्या पेवांची मोठी हानी केली. कोल्हापूरची गोष्टही अशीच आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीत गुळाची पेठ भरभराटीला आली. रत्नाकर बँकेचे नोंदणीकृत कार्यालय कित्येक वर्षे शाहू मार्केट यार्डात होते. गुळाच्या वासात बसलेली बँक!

अशा गावांतली जुनी बँकेची इमारत कशी ओळखावी? पाटीवर जाऊ नका, पाटी बदलते. आत शिरून पाहा. मूळ वाडा असेल तर सागवानी तुळया आणि ओसरीचे खांब अजून दिसतात. ओसरीला गज लावून तिचाच कॅश काउंटर केलेला असतो. नंतरच्या सिमेंटच्या इमारतींत मोझॅकची फरशी, सरकते लोखंडी दार आणि मागच्या अंगाला जाड भिंतींची, एकाही खिडकीशिवायची तिजोरीची खोली. ही खोली फोडणे इतके अवघड की घर पाडून नवे बांधणारेही कित्येकदा तिला हात लावीत नाहीत. आणि काउंटरची उंची पाहा. पेढीवर शेतकरी खाली बसत होता, इथे तो उभा राहिला. एवढा फरक मला मोठा वाटतो. उभा राहून मागणाऱ्याचा आवाज निराळा असतो.

पण या बँकांबद्दल फार हळवे होण्याचे कारण नाही. संचालक मंडळी ओळखीची, कुणाची विहीर आटली आणि कुणाच्या घरी लग्न आहे हे त्यांना ठाऊक, हे खरे. पण ओळख पेठेतल्यांची. शेतकऱ्याचा पैसा अडत्याच्या खात्यातून तिथे पोचायचा, कर्ज मात्र क्वचितच परत शिवारात यायचे. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. शेतकऱ्याने उचललेल्या प्रत्येक शंभर रुपयांत सावकारांचे जवळजवळ सत्तर, सहकारी संस्थांचे तीन, आणि व्यापारी बँकांचा एक रुपयासुद्धा नव्हता. पुढे गावची विकास सोसायटी, जिल्हा बँक आणि राज्य बँक अशी साखळी मजबूत झाली. जमिनीच्या तारणापेक्षा उभ्या पिकावर कर्ज देण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजली, आणि चित्र पालटले. एक खोली, एक तिजोरी, भिंतीवर चेअरमनांच्या नावांचा फळा आणि मागे खताचे गोदाम, अशी ती सोसायटीची इमारत. दिसायला गरीब, पण शेतकऱ्याच्या कामी तीच जास्त आली.

१९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. आपल्या या बँका लहान म्हणून बाहेर राहिल्या. मग एकेक गेली. मिरज स्टेट बँक १९८५ मध्ये युनियन बँकेत विलीन झाली. बँक ऑफ कऱ्हाड १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बुडाली. घोळ झाला मुंबईच्या शाखेत. तिथून रोखे हाती नसताना त्यांच्या पावत्या दिल्या गेल्या, आणि टाळे कऱ्हाडच्या बँकेला लागले. तेव्हा ठेवीचा विमा फक्त तीस हजारांपर्यंत होता. आज तो पाच लाखांपर्यंत आहे. १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाने तिचा कारभार घेतला. २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये आणि २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये गेली. राहिली रत्नाकर, तिचे नाव आता आरबीएल बँक, आणि मुख्य कारभार मुंबईहून चालतो.

आता घरातल्या कामाची गोष्ट. आजी-आजोबांची ट्रंक उघडा. या बँकांचे एखादे पासबुक किंवा मुदत ठेवीची पावती कपड्यांच्या घडीत सापडण्यासारखी आहे. बँक गेली म्हणून तो कागद रद्दी समजू नका. सांगली बँकेचा असेल तर आयसीआयसीआयच्या शाखेत न्या, युनायटेड वेस्टर्नचा आयडीबीआयमध्ये, मिरजेचा युनियन बँकेत, कऱ्हाडचा बँक ऑफ इंडियात. दहा वर्षे कुणी न विचारलेली ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते, पण वारसाचा हक्क त्याने संपत नाही. अर्ज ज्या त्या बँकेतच करायचा. खातेदार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि तुमची ओळखपत्रे लागतात. २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नाव घालून शोधताही येते. कॉलेजात जाणारी नात हे काम घटकाभरात करील. मूळ पासबुक मात्र कुणाच्या हाती सोडू नका. छायाप्रत द्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घेऊनच घरी या.