न्हावऱ्याचा कोयता

शिरूरहून चौफुल्याकडे जाताना न्हावरे लागते. घोडगंगा सहकारी साखर कारखान्याचे गाव. रस्त्यालगत एक चाचा कोयत्यांना धार लावत होते. आम्ही सलाम करून शेजारी बसलो.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. चाचांना मात्र मनगट दिसते. “धार बोथट असली की घाव दुप्पट घालावे लागतात, बाईचा हात रात्रभर ठणकतो.” म्हणून घाईतही ते काम अर्धवट सोडत नाहीत. कुरआनात हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे, त्याचबरोबर चिलखताच्या कड्या मापात जुळवण्याची आज्ञाही!

मुलाला मोबाईलचे दुकान टाकायचे आहे. चाचांनी विचारले, “कुणासाठी?”

“कोप्यांवर राहणाऱ्यांसाठी. चार्जिंगला जागा नसते, गावाकडच्या पोरांशी बोलणे होत नाही.”

चाचांनी भात्याशेजारची जागा रिकामी करून दिली.